सत्तेचाळीसच्या वरची पट्टी

आमच्या प्रयोगशाळेत 'सुंदर' हा शब्द उच्चारायला बंदी होती. मायक्रोस्कोपखालचं एखादं चित्र बघून कुणाच्या तोंडून तो निसटला, की अक्का मान वर न करता म्हणायच्या, "परत कर." म्हणजे सगळा प्रयोग पहिल्यापासून. पेशी वाढवायच्या, चार दिवस थांबायचं, त्या रंगवायच्या आणि पुन्हा बघायच्या. पहिल्या वर्षी मी एकच प्रयोग तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी ओठ आवळून बसले. अक्कांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हां. आता बोल, यात खोटं काय असेल?"

त्यांना सगळेच अक्का म्हणायचे. आमचे संचालकही, गेटवरचे सिक्युरिटीचे अण्णाही. बसवनगुडीत त्यांचं घर. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, पण ती अशी की सांगलीहून आलेल्या मला पहिले दोन महिने निम्मी कळत नसे. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'बेगा ये' म्हणजे लवकर ये, आणि प्रत्येक गोष्टीचा निकाल लावणारं 'सरी', म्हणजे ठीक आहे. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मला पहिली हाक मारली ती "मरी, इकडे ये" अशी. मी गारच पडले. बाहेर आल्यावर अण्णांनी हसत समजावलं, की कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. लाडानं म्हणतात.

लाड मात्र तेवढाच. आमची संस्था देवनहळ्ळीच्या रस्त्यावर, द्राक्षांचे मळे आणि घरांच्या प्लॉटांचे नवे लेआउट यांच्या मध्ये कुठेतरी. अक्का रोज दोन बस बदलून, दीड-दोन तासांनी तिथे उतरायच्या. सुती साडी, पायात मुलांचे खेळायचे बूट, आणि गळ्यात काळ्या नाडीला बांधलेला स्वयंपाकघरातला टायमर. तो कुठेही वाजायचा. एकदा दिल्लीहून आलेल्या समितीसमोर वाजला. अक्का वाक्य अर्धवट सोडून उठल्या, आत जाऊन पेशींवरचं औषध धुतलं आणि परत येऊन त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलल्या.

त्यांचा दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. कुठल्या काचपट्टीवर कसल्या पेशी आहेत हे बघणाऱ्याला कळता कामा नये. "डोळ्याला जे हवं ते तो बघतो," असं म्हणून त्या काचपट्ट्या एका डब्यात घालून गेटवर अण्णांकडे पाठवायच्या. अण्णांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तर ते पसंत. ते नावांवर चिठ्ठ्या चिकटवायचे, त्यांवर आपल्या मनाचे आकडे टाकायचे आणि आकड्यांची यादी पाकिटात घालून खिशात ठेवायचे. "आयतु, अक्का," म्हणजे झालं. आपण मोजून, लिहून, सही केल्याशिवाय ते पाकीट उघडायचं नाही.

तिसरा नियम फिल्मचा. पेशीतली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून बघायची जी पद्धत आहे, तिला ब्लॉट म्हणतात. एकेक प्रथिन फिल्मवर काळ्या पट्टीसारखं उमटतं. सगळीकडे हवी तेवढी पट्टी कापून चित्रात लावतात. आमच्याकडे अख्खी फिल्म, चारही कडांसकट, वहीत चिकटवावी लागे. एकदा माझ्या फिल्मची कड वहीत मावेना म्हणून मी अर्धा इंच कापली. अक्कांनी ती वही खिडकीपाशी नेली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "वही बदल. फिल्म नाही." आवाज इतका वेगळा होता की मी दोन दिवस त्यांच्यासमोर गेले नाही.

हे सगळं ज्या प्रथिनासाठी चाललं होतं, त्याला आम्ही वजनावरून 'सत्तेचाळीस' म्हणायचो.

पेशीच्या बाहेर वाढीचा संदेश देणारा रेणू येतो आणि पडद्यावर चिकटतो. तो आत जाऊ शकत नाही. आत काय करायचं ते ठरतं मध्यभागी, केंद्रकात, जिथे डीएनए आहे. मग पडद्यापासून केंद्रकापर्यंत ती खबर पोचवतं कोण? अक्कांनी अठरा वर्षांपूर्वी दाखवलं होतं, की सत्तेचाळीस पोचवतं. एरवी ते केंद्रकाबाहेर पसरलेलं असतं, संदेश आला की दहा मिनिटांत केंद्रकात शिरतं, डीएनएवर बसतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. एका सशाच्या रक्तातून त्यांनी सत्तेचाळीसला ओळखणारं सीरम तयार करून घेतलं होतं. त्या सीरमनं रंगवलेल्या पेशींचं चित्र, म्हणजे आधी काळोखं केंद्रक आणि मग हिरवं झगझगीत, पाठ्यपुस्तकांत गेलं. अक्कांचं नाव म्हणजे ते चित्र.

तो ससा कधीच गेला होता. सीरमच्या चौदा नळ्या उरल्या होत्या, खोल थंडीच्या फ्रीजरमध्ये, दारावर यादी लावून. ते फक्त मायक्रोस्कोपसाठी वापरायचं. ब्लॉटसाठी सत्तेचाळीसला ओळखणारी बाजारातली अँटिबॉडी आणा, सीरम तिथे उधळायचं नाही, अशी सक्त ताकीद. दुर्मिळ वस्तू आहे, म्हणून असेल, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं.

माझं पाचवं वर्ष चालू होतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं मला पुढच्या संशोधनासाठी घेतलं होतं, सहा महिन्यांत रुजू व्हायचं होतं. प्रबंधाचा शेवटचा तुकडा राहिला होता तो सोपा वाटत होता. पेशींमधून सत्तेचाळीसचं जनुकच कापून काढायचं, आणि मग केंद्रक कसं काळोखं राहतं ते दाखवायचं. जनुक कापलं. डीएनए वाचून खात्री केली. बाजारातल्या अँटिबॉडीनं ब्लॉट केला, सत्तेचाळीसची पट्टी गायब. मग अक्कांच्या सीरमनं पेशी रंगवल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

केंद्रकं हिरवी झगझगीत होती.

जे प्रथिन त्या पेशींत नव्हतंच, ते दिसत होतं. आणि संदेश दिलेल्या पेशींतच नव्हे, न दिलेल्या पेशींतही. मी पुन्हा रंगवलं. पुन्हा तेच. मी यंत्र बंद केलं, काचपट्ट्या माझ्या ड्रॉवरच्या तळाशी ठेवल्या आणि अकरा दिवस कुणाला काही बोलले नाही.

त्या अकरा दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं! सीरम जुनं झालं असेल. हात चुकला असेल. प्रबंधात हा तुकडा घातलाच नाही तर कोण विचारणार आहे? यशवंतपूरच्या माझ्या खोलीवर आई फोनवर विचारायची, तिकीट कधी काढायचं? मी म्हणायचे, बघू. बाराव्या दिवशी, अक्का एका बैठकीला गेल्या असताना, मी फ्रीजर उघडून सीरमची एक नळी घेतली आणि ब्लॉट केला.

सोमवारी सकाळी हाक आली. "मरी, इकडे ये."

फ्रीजरचं दार उघडं होतं. थंड वाफ अक्कांच्या साडीवर येत होती.

"तेरा आहेत," त्या म्हणाल्या.

"मी घेतली."

"कशाला?"

"ब्लॉटला."

त्यांनी दार लावलं. वळल्या. "फिल्म आण."

मी आणली. अक्कांनी ती खिडकीकडे धरली. डावीकडे साध्या पेशी, तिथे दोन पट्ट्या. एक सत्तेचाळीसची, आणि तिच्या जरा वर दुसरी, जाडजूड. उजवीकडे जनुक कापलेल्या पेशी, तिथे खालची पट्टी नव्हती. वरची जशीच्या तशी होती. म्हणजे सशाचं सीरम दोन प्रथिनं ओळखत होतं, आणि केंद्रकात जे चमकत होतं ते सत्तेचाळीस नव्हतंच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. संतापाची तयारी करून आले होते. पण तिथे संताप नव्हता आणि, हे मला नंतर सलत राहिलं, आश्चर्यही नव्हतं.

"किती दिवस ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"सरी," त्या म्हणाल्या. "काचपट्ट्या कर. नव्या. मी मोजते."

त्या शुक्रवारी चार काचपट्ट्या अण्णांकडे गेल्या आणि आकडे लावून परत आल्या. साध्या पेशी आणि जनुक कापलेल्या पेशी, संदेश देऊन आणि न देता. अक्का अंधाऱ्या खोलीत बसल्या. मी दाराशी उभी. प्रत्येक काचेवरच्या दोनशे पेशी त्यांनी एकेक करून मोजल्या. केंद्रक चमकतंय, नाही, चमकतंय, चमकतंय. टायमर एकदा वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला. तीन तासांनी त्या बाहेर आल्या, कागदावर सही केली आणि मला म्हणाल्या, "अण्णांना पाकीट घेऊन बोलाव."

अण्णांनी पाकीट उघडून यादी टेबलावर ठेवली. अक्कांनी आकड्यावर आकडा जुळवला. एक काच सोडली तर बाकी तिन्ही झगझगीत होत्या. काळोखी होती ती फक्त साध्या, संदेश न दिलेल्या पेशींची.

"आयता, अक्का?" अण्णांनी विचारलं. झालं का?

अक्कांनी मान हलवली. अण्णांना काय कळलं कोण जाणे, पण ते नेहमीसारखे हसले नाहीत. टोपी काढून उभे राहिले आणि मग गेले.

अक्कांनी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या दोघांकडून तोच प्रयोग करून घेतला. निकाल बदलला नाही. मग त्यांनी एक फोन केला.

जुन्या पेपरवर दोनच नावं होती. एक अक्कांचं, दुसरं त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्याचं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मूळचे नागपूरचे, आता उत्तरेतल्या एका विद्यापीठात विभागप्रमुख. आमच्याकडे ते आले की अक्का घरून चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, करून आणायच्या. या वेळी ते विमानतळावरून टॅक्सीनं थेट आले. बॅग खांद्यावरच होती. मला बघून म्हणाले, "हिला बाहेर पाठवा."

"नाही," अक्का म्हणाल्या. "फिल्म तिची आहे. ती बसेल."

सर बसले नाहीत. "अक्का, एका मुलीनं केलेल्या ब्लॉटवर अठरा वर्षांचं काम मोडीत काढायचं?"

"तिघांनी केलंय. मी स्वतः मोजलंय."

"मग नवा पेपर लिहा ना. वाटलं होतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, म्हणा. सगळे तेच करतात. जुना मागे कशाला घ्यायचा? चूक झाली असेल. चूक म्हणजे गुन्हा नव्हे."

"नवा ती लिहील. पण जुन्यात एक वाक्य आहे. हे सीरम एकच पट्टी दाखवतं, असं."

सरांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. खिडकीतून खालच्या रस्त्यावर विमानतळाची बस जाताना दिसली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ते वाक्य माझं नाही."

"माहीत आहे."

"अख्खी फिल्म मी तुमच्या टेबलावर ठेवली होती. मी विचारलं होतं, ही वरची पट्टी कसली? तुम्ही म्हणालात, कचरा आहे. पेन्सिलीनं रेघ मारलीत आणि म्हणालात, इथून काप. मी तेवीस वर्षांचा होतो, अक्का."

"हो."

"का पण?"

अक्का टेबलाकडे बघत होत्या. "चित्र फार सुंदर आलं होतं," त्या म्हणाल्या.

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी एक कागद सरांकडे सरकवला. जर्नलला पाठवायचं पत्र होतं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं. पट्टी कुणी कापायला सांगितली, कुणी कापली, कुणी शंका काढली होती, सगळं नावानिशी होतं. सरांवर काही येऊ नये असंच लिहिलं होतं.

"तुम्ही संपाल यात," सर म्हणाले.

"सरी. चहा घेतोस?"

त्यांनी चहा घेतला नाही. दारात थांबून माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं शिवी देतील, पण ते गेले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत.

मला अक्कांची दया यायला हवी होती. आला तो राग. पाच वर्षं ज्या बाईनं मला फिल्मच्या अर्ध्या इंचासाठी घाबरवून सोडलं, तिनं स्वतः हे केलं होतं! मी माझं टेबल हलवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. डबा जिन्यावर बसून खायला लागले. अक्का समजूत काढायला आल्या नाहीत. एकदा मी जिन्यावर असताना त्या खाली उतरत होत्या, त्यांनी बाजूनं वाट काढली आणि गेल्या.

पत्र गेलं. पेपर मागे घेतला गेला. संस्थेनं चौकशी समिती नेमली, तिच्यासमोर अक्का दोनदा गेल्या आणि पत्रात लिहिलं होतं तेच सांगून आल्या. त्यांची प्रयोगशाळा काढून घेतली. मला कागदोपत्री दुसऱ्या मार्गदर्शकांकडे दिलं. ग्रंथालयाच्या मागच्या पॅसेजमध्ये अक्कांना एक टेबल मिळालं. दुपारी कँटीनमध्ये त्या शिरल्या की गप्पा थांबायच्या, मग त्या दहीभाताचा डबा टेबलावरच उघडायला लागल्या. सकाळी त्या बसमधून उतरल्यावर उठून उभे राहायचे ते फक्त अण्णा.

एक दिवस माझ्या टेबलावर पिवळं पडलेलं पाकीट होतं. आत ती जुनी फिल्म. अख्खी, चारही कडांसकट, दोन्ही पट्ट्यांसह. अठरा वर्षं त्यांनी ती जपली होती. जाळली असती तर कुणाला कळलं नसतं. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'प्रबंधात लाव.'

ती हातात घेऊन मी त्या पॅसेजमध्ये गेले. अक्कांनी समोरची खुर्ची रिकामी केली आणि म्हणाल्या, "वरची पट्टी बावन्नवर आहे. ते कोण, ते शोधलंस का?"

तिथून पुढचे चौदा महिने मी तेच शोधलं. परदेशातल्या लोकांना विनवून तारीख दोनदा पुढे ढकलली. बावन्न हे सत्तेचाळीसचं भावंडच निघालं. केंद्रकात जातं ते बावन्न. सत्तेचाळीस बाहेरच राहतं आणि बावन्नला धरून ठेवतं. बाहेरून संदेश आला की सत्तेचाळीसला फॉस्फेट नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटतो आणि ते पकड सोडतं, मग बावन्न आत जाऊन जनुकं चालू करतं. म्हणूनच सत्तेचाळीस काढून टाकल्यावर संदेशाविनाच केंद्रकं झगझगत होती. धरायला कुणी उरलंच नव्हतं. अक्का रोज माझे निकाल त्या टेबलाशी बघायच्या आणि रोज विचारायच्या, खोटं काय असेल. आमच्यात जुन्या पेपरबद्दल एक शब्द झाला नाही.

तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसू शकत होतं. तिसरी तारीख आता पुढे ढकलता येणार नव्हती, चार आठवड्यांनी मला निघायचं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी दीड तास कसून विचारलं. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि रिवाज म्हणून सभागृहाकडे बघितलं. "कुणाला काही विचारायचंय?"

शेवटच्या रांगेतून अक्का उठल्या.

काही लोकांनी माना वळवल्या, काहींनी मुद्दाम वळवल्या नाहीत.

"तू लिहिलंयस," अक्का म्हणाल्या, "की सत्तेचाळीसला फॉस्फेट चिकटतं, आणि त्यामुळे ते बावन्नला सोडतं. पण आधी सोडतं आणि मग फॉस्फेट चिकटतं, असं कशावरून नाही? हा क्रम तू पाहिलास का?"

मी दर पाच मिनिटांनी पेशी तपासल्या होत्या. दोन्ही गोष्टी त्याच पाच मिनिटांत घडत होत्या. आधी कुठली, हे मला दिसलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हेही मला माहीत होतं. उत्तर देता आलं असतं. "पूर्वीच्या कामांवरून असं वाटतं की," असं काहीतरी म्हटलं असतं तर परीक्षकांनी मान डोलावली असती.

"नाही," मी म्हणाले. "क्रम मी पाहिलेला नाही. ते मला माहीत नाही."

परीक्षकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

अर्ध्या तासानं निकाल सांगितला. काम चांगलं, पण हा क्रम तपासून प्रबंधात घातल्याशिवाय पदवी नाही. तीन महिने.

पॅसेजमध्ये मी अक्कांना गाठलं. "आजच विचारायचं होतं का? टेबलाशी रोज भेटत होतो आपण. तेव्हा का नाही विचारलंत?"

"मला काल रात्री सुचलं," अक्का म्हणाल्या. "घरी, झोपताना."

"मग गप्प बसायचं होतं! माझी नोकरी जाईल तिकडची."

"जाईल कदाचित," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या तू डॉक्टर होशील. चार वर्षांनी तुझी स्वतःची पोरं असतील हाताखाली. मग तुला विचारायला कोण धजणार, मरी?"

मी रडत होते की चिडले होते, मलाच कळत नव्हतं. अक्कांनी माझ्या हातातली प्रबंधाची प्रत घेतली, फॉस्फेटच्या क्रमाचं ते पान काढलं आणि आपल्या पिशवीतलं पेन पुढे केलं. मी प्रत भिंतीला टेकवली आणि ते वाक्य खोडलं.